विश्लेषण : कादंबरीला पडद्यावर आणणारे बाबूराव पेंटर कोण होते? ‘सावकारी पाश’ची आठवण आजही का निघते?

एखाद्या कादंबरीवर मालिका किंवा चित्रपट आला, की मूळ पुस्तकाला तो कितपत न्याय देतो यावर मोबाइलवर लगेच वाद सुरू होतो. मराठी कादंबरी आणि पडदा यांचे नाते मात्र मोबाइलच काय, बोलपटाहूनही जुने आहे. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरातील एका चित्रकाराने आधी इतिहासावरची कादंबरी आणि मग कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कथा पडद्यावर आणली. पहिलीने तुफान गर्दी खेचली. दुसरीकडे त्या काळच्या प्रेक्षकांनी फारसे लक्ष दिले नाही. आज मात्र चित्रपटाच्या इतिहासात दुसरीचेच नाव अधिक आदराने घेतले जाते. त्या चित्रकाराचे नाव बाबूराव पेंटर.

बाबूराव पेंटर कोण होते?

त्यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. लाकूड, लोखंड, माती, रंग या सगळ्याला घरात हात लागत असे. बाबूराव कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. चित्रकला आणि शिल्पकला ते पाहून पाहून शिकले.

मावसभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ असे एकत्र काम करण्याचा तो काळ होता. बाबूरावांचे बंधू आनंदराव मेस्त्री हेही तितकेच निष्णात चित्रकार होते. दोघांनी मिळून नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवायला सुरुवात केली. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ अशी दृश्ये त्या पडद्यांवर असत. त्यांच्या पडद्यांची कीर्ती अशी पसरली की ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात नाटक, संगीत, कुस्ती आणि चित्रकला यांना राजाश्रय होता. त्या वातावरणात हे दोघे वाढले.

१९१३मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आपण रंगवलेला पडदा जागचा हलत नाही, इथे मात्र पडद्यावरची माणसे चालतात, हे पाहून या चित्रकार बंधूंच्या डोक्यात सिनेमाचे वेड शिरले. आधी त्यांनी प्रोजेक्टर मिळवून चित्रपट दाखवण्याचा उद्योग केला. पण दुसऱ्याचे चित्रपट दाखवण्यात त्यांचे मन रमेना. त्यांना स्वतःचे चित्रपट बनवायचे होते.

कॅमेराही स्वतःच का बनवावा लागला?

चित्रपटाचा कॅमेरा परदेशातून यायचा आणि तो अतिशय महाग होता. त्यातच पहिले महायुद्ध सुरू झाले. मग हाताशी असलेल्या कारागिरीवर भरवसा ठेवून कॅमेरा कोल्हापुरातच घडवायचे ठरले. आनंदरावांनी काम सुरू केले, पण १९१६मध्ये त्यांचे निधन झाले. अर्धवट राहिलेले यंत्र बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने पूर्ण केले. भारतात बनलेला पहिला चित्रपट कॅमेरा म्हणून त्याची नोंद घेतली जाते.

यंत्र तयार झाले, पण पैसा नव्हता. त्या वेळी गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवलासाठी हात पुढे केला. त्यातून कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दामले, शेख फत्तेलाल आणि पुढे व्ही. शांताराम हे सगळे या कंपनीत घडले. नंतर दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला आणि शांताराम यांनी ‘कुंकू’, ‘माणूस’ असे चित्रपट दिले. या सर्वांची पहिली शाळा म्हणजे बाबूरावांची ही कंपनी.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ फेब्रुवारी १९२०मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात झळकला. कथा महाभारतातील कीचकवधाची. याच कथेवरील कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे नाटक ब्रिटिश सरकारने १९१०मध्ये बंद पाडले होते, त्यामुळे या विषयाचा रोख प्रेक्षकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात, यावरही बाबूरावांचा कटाक्ष होता. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती. फाळक्यांनी त्यानंतरच्या चित्रपटात दुर्गाबाई आणि कमलाबाई यांना पडद्यावर आणले खरे, तरी समाजाची नजर बदललेली नव्हती. ‘सैरंध्री’त काम करणाऱ्या गुलाबबाई आणि अनुसूयाबाई यांना नातलगांनी आणि समाजाने दूर लोटले. त्यांना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला, असे सांगितले जाते.

कादंबरीकडे ते कसे वळले?

सुरुवातीचे भारतीय चित्रपट प्रामुख्याने पुराणकथांवर होते. त्याला व्यावहारिक कारण होते. मूकपटात संवाद नसतात. मधे मधे पाट्या येतात, पण त्या वाचता येणारे प्रेक्षक थोडे. पुराणातील गोष्ट मात्र सगळ्यांना आधीच पाठ असते. कृष्ण कोण आणि कंस कोण, हे सांगावे लागत नाही.

कादंबरीचे तसे नसते. तिच्यातली माणसे नवी, घटना नव्या आणि मनातले विचार पानेच्या पाने भरलेले. ते शब्दांशिवाय दाखवायचे कसे? बाबूरावांनी या अडचणीतून सावधपणे वाट काढली. आधी त्यांनी अशी कादंबरी निवडली, की जिची गोष्ट पुराणाइतकीच घराघरात माहीत होती. ती म्हणजे हरी नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’.

ह. ना. आपटे आपल्या ‘करमणूक’ या पत्रातून कादंबऱ्या क्रमशः छापत. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत. आज मालिकेचा पुढचा भाग कधी येतो म्हणून आपण वाट पाहतो, तशीच ती ओढ होती. तानाजी मालुसरे यांच्या पराक्रमाची ही कथा पोवाड्यांतून आणि शाळेतून लोकांना आधीच ठाऊक होती. आपट्यांच्या कादंबरीने तिला नाट्य आणि व्यक्तिरेखांची भरीव जोड दिली होती.

‘सिंहगड’ने नेमके काय बदलले?

१९२३मध्ये आलेल्या ‘सिंहगड’मध्ये बाळासाहेब यादव तानाजी झाले आणि स्वतः बाबूरावांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली. शांतारामही यात शेलारमामाच्या भूमिकेत होते. कादंबरीतील मुख्य प्रसंग रात्रीचा. काळोखात मावळे कडा चढतात आणि गडावर लढाई होते. त्या काळी चित्रीकरण उन्हाच्या भरवशावर चाले. बाबूरावांनी या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. भारतीय चित्रपटात हे अगदी नवे होते.

इथे रूपांतराची एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. लेखक एका वाक्यात काळोखी रात्र उभी करतो. तेच वाक्य निर्मात्यासाठी दिवे, वीज, माणसे आणि खर्च घेऊन येते. पुस्तकातले काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हा निर्णय फक्त कलेचा राहत नाही, तो तिजोरीचाही होतो. बाबूराव दिग्दर्शक, चित्रकार, तंत्रज्ञ आणि निर्माते असे सगळेच होते. त्यामुळे हा हिशेब त्यांच्या एकट्याच्या डोक्यात चाले.

दृश्य घेण्याआधी ते त्याचे रेखाटन करत. पात्राने कुठे उभे राहायचे, कपडे कसे असतील, प्रकाश कोणत्या बाजूने पडेल, हे कागदावर ठरे. रंगवलेल्या सपाट पडद्यासमोर नटांना उभे करण्याची पद्धत त्यांनी मोडली आणि खोली असलेले, भिंती-खांबांचे खरेखुरे वाटणारे सेट उभे केले. आयुष्याची सुरुवात पडदे रंगवून करणाऱ्या माणसानेच सिनेमातून रंगीत पडदा हद्दपार केला! जाहिरातीसाठी मोठी चित्रमय पोस्टर आणि कथासार छापलेल्या पुस्तिका काढण्यातही ते पुढे होते.

‘सिंहगड’ला लोटलेली गर्दी पाहून सरकारचे लक्ष चित्रपटाच्या तिकिटांकडे गेले आणि करमणूक कर लागू झाला, असे चित्रपटाच्या इतिहासात सांगितले जाते. मुंबई इलाख्यातील करमणूक कराचा कायदा १९२३चाच आहे.

‘सावकारी पाश’ वेगळा का ठरला?

इतिहासपटाने पैसा मिळवून दिला असता दुसरा कोणी पुढचे पाच चित्रपट किल्ल्यांवरच काढत बसला असता. बाबूरावांनी इतिहासपट आणि पुराणपट चालू ठेवले, पण १९२५मध्ये एक धोका पत्करला. ‘सावकारी पाश’ची कथा नारायण हरी आपटे यांची.

इथे नावांचा घोळ टाळायला हवा. हरी नारायण आपटे (१८६४–१९१९) हे ‘पण लक्षात कोण घेतो?’चे लेखक. नारायण हरी आपटे (१८८९–१९७१) हे वेगळे, पुढच्या पिढीतील लोकप्रिय कादंबरीकार. पुढे याच नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वर प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) निघाला. बाबूरावांनी दोन्ही आपट्यांचे लेखन पडद्यावर आणले.

‘सावकारी पाश’ची गोष्ट साधी आहे. एक अशिक्षित शेतकरी सावकाराच्या कागदावर विसंबतो. त्या कागदात काय लिहिले आहे, हे त्याला वाचता येत नाही. शेवटी जमीन जाते. गाव सोडून तो शहरात येतो आणि गिरणीत मजूर होतो. या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली, तर सावकाराची झुंझारराव पवार यांनी. स्त्री भूमिकेत कमलादेवी होत्या. चित्रपट इंग्रजीत ‘द इंडियन शायलॉक’ या नावानेही ओळखला गेला.

ही कथा कल्पनेतून आलेली नव्हती. १८७५मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता. सुपे येथे ठिणगी पडली. शेतकऱ्यांचा राग प्रामुख्याने गहाणखते, कर्जरोखे आणि न्यायालयाचे हुकूमनामे यांवर होता. ते कागद हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर सरकारने १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाविषयीचा खास कायदा केला. तरीही १९२५पर्यंत कर्ज, गहाण आणि जप्ती हा चक्रव्यूह संपलेला नव्हता. चित्रपट पाहायला आलेल्या अनेकांच्या घरात असा एखादा कागद असणारच.

पुराणपटात देव येऊन संकट दूर करतो. ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याला कोणी वाचवायला येत नाही, हा त्यातला मोठा फरक. अंधाऱ्या झोपडीजवळ रडणारे कुत्रे दाखवून बाबूरावांनी त्या घराची अवस्था सांगितली. हा प्रसंग त्या काळच्या जाणकारांच्या कायमचा लक्षात राहिला. कादंबरीकाराला ज्या वर्णनासाठी परिच्छेद लागला असता, ते एका चौकटीत आले. भारतातील वास्तववादी चित्रपटाचे मूळ शोधणारे अभ्यासक म्हणूनच ‘सावकारी पाश’पाशी येऊन थांबतात.

मग तो चालला का नाही?

पौराणिक चमत्कार आणि ऐतिहासिक लढाया पाहायला सरावलेल्या प्रेक्षकाला स्वतःचेच दुःख तिकीट काढून पाहायचे नव्हते. जाणकारांनी वाखाणले, गल्ला मात्र जमला नाही. निर्मात्याच्या दृष्टीने हा फटका मोठा होता. त्याआधी स्टुडिओला आग लागून कंपनीचे मोठे नुकसान झालेच होते. भांडवल पुरवणाऱ्यांना परतावा हवा होता आणि पुन्हा लढाया, पुन्हा चमत्कार हाच सुरक्षित मार्ग दिसत होता.

यातला विरोधाभास बोचरा आहे. कर्जाच्या फासावर चित्रपट काढणारा कलावंत स्वतःही पैसा पुरवणाऱ्यांच्या मर्जीतून कधी सुटला नाही. कॅमेरा त्यांच्या हातचा, सेट त्यांच्या डोक्यातला, नट त्यांनी घडवलेले, पण कंपनीचा हिशेब दुसऱ्यांच्या हातात. पैसा आणि कारभार यांवरून मतभेद वाढत गेले.

१९२९मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलावर त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. ती पुढे पुण्याला गेली. आधारस्तंभच गेल्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ टिकली नाही. बाबूरावही तिच्यातून बाहेर पडले आणि काही वर्षांत कंपनी बंद झाली.

बोलपट आल्यावर काय झाले?

१९३१मध्ये ‘आलम आरा’ने हिंदी चित्रपटाला आणि १९३२मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी चित्रपटाला आवाज दिला. दृश्यातून बोलणाऱ्या बाबूरावांसाठी हा बदल सोपा नव्हता. कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘उषा’ (१९३५) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) हे चित्रपट केले. मधल्या काळात, १९३६मध्ये, त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला. या वेळी बोलपट म्हणून.

जो विषय एकदा चालला नव्हता, त्याकडे अकरा वर्षांनी परत जाणे हे व्यापारी शहाणपणाचे लक्षण नक्कीच नव्हते. ही गोष्ट आपल्याला सांगायचीच आहे, असे ठरवलेल्या माणसाचा तो हट्ट होता.

१९४७च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून व्ही. शांताराम यांच्यासोबत बाबूराव पेंटर यांचेही नाव आहे. एकेकाळी ज्याला आपण शेतकऱ्याची भूमिका दिली, त्या शिष्याच्या संस्थेत गुरूने काम केले. ‘विश्वामित्र’ (१९५२) हा त्यांचा अखेरच्या काळातील चित्रपट. उरलेला वेळ चित्रकला आणि शिल्पकलेत गेला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण त्यानंतर पाच वर्षांनी, सप्टेंबर १९५९मध्ये दिल्लीत सुरू झाले.

त्यांची वाट पुढे कोणी चालवली?

बाबूरावांच्या निधनाच्या आदल्याच वर्षी, १९५३मध्ये, आचार्य अत्रे यांनी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. मराठी पुस्तकावरचा मराठी चित्रपट देशात पहिला ठरला.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि कादंबरीला पडद्यावर आणखी मोठी जागा मिळाली. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’वरची मालिका आणि ना. सं. इनामदार यांच्या कादंबरीवरची, स्मिता तळवलकर यांची ‘राऊ’ अनेकांना आजही आठवते. तीन तासांत न मावणारी कादंबरी मालिकेत भागाभागांनी उलगडता येते. एका अर्थाने ती पुन्हा ‘करमणूक’च्या क्रमशः वाटेवर आली. पण काय ठेवायचे, काय गाळायचे आणि खर्च कसा भरून काढायचा, हे बाबूरावांसमोरचे तीन प्रश्न आजच्या निर्मात्यांपुढेही तसेच आहेत.

इटियाडोहच्या वाचकाशी याचा काय संबंध?

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. त्याच्या पाण्यावर इथले धान पिकते. धान निघाले, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. कर्ज, जमीन, भाऊबंदकी आणि घरातली बाई हे विषय या रंगमंचाला नवे नाहीत. ‘सावकारी पाश’ ज्या प्रेक्षकाला १९२५मध्ये नको होता, त्याच्याच जातीचे विषय झाडीपट्टीचा प्रेक्षक तिकीट काढून, थंडीत बसून पाहतो. विषय चालत नाही असे म्हणताना तो कोणापुढे आणि कोणत्या रूपात मांडला, हेही पाहावे लागते.

दुसरा संबंध थेट जगण्याशी आहे. चित्रपटातील शेतकऱ्याला न वाचलेल्या कागदाने बुडवले. आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. कोऱ्या किंवा अपुऱ्या कागदावर सही-अंगठा घेणेही कायद्याला मान्य नाही. सावकारीच्या व्यवहारात जमीन बळकावली गेली असेल, तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते आणि चौकशीनंतर जमीन परत मिळू शकते. बाबूरावांच्या नायकाकडे हा मार्ग नव्हता.

मूळ ‘सावकारी पाश’ आज पाहता येतो का?

नाही. १९२५चा मूकपट आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती पटकन पेट घेई आणि पेटली नाही तरी काही वर्षांत चिकट होऊन नासून जाई. जुन्या फिल्ममधली चांदी काढण्यासाठीही असंख्य रिळे वितळवली गेली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात उभे राहिले ते १९६४मध्ये. तोवर फार उशीर झाला होता. भारतात तयार झालेल्या सुमारे १३०० मूकपटांपैकी अगदी मोजकेच आज शिल्लक आहेत, त्यातलेही काही तुकड्यांत.

म्हणजे ज्या चित्रपटाला भारतीय वास्तववादाची सुरुवात म्हटले जाते, तो आज आपण केवळ छायाचित्रे, आठवणी आणि वर्णने यांतून ओळखतो. ह. ना. आपट्यांची कादंबरी आजही वाचनालयात मिळते. तिच्यावरून निघालेला ‘सिंहगड’ ज्या गर्दीने पाहिला, तिच्यातले मात्र आज कोणी उरलेले नाही.

गोंदिया-गडचिरोलीच्या नाट्यमंडळ्यांकडे, गावच्या जुन्या फोटो स्टुडिओंकडे, लग्न-मंडईच्या चित्रणाच्या व्हिडिओ कॅसेटच्या रूपात आजही असे बरेच काही पडून असेल. ओल, धूळ आणि भंगारवाला यांच्या हाती ते जाण्याआधी त्याची प्रत काढून ठेवणे आता एका मोबाइल फोनच्या आवाक्यातले काम आहे. बाबूरावांच्या काळात कॅमेरा बनवणे अवघड होते आणि चित्रपट जपण्याचा विचार फारसा कोणी करत नव्हते. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. जपण्याचे काम मात्र अजूनही कोणीतरी मनावर घ्यावे लागते.